भूगोलाला गैरहजर

।। श्री यमाई प्रसन्न ।।

विट्याजवळच्या बंगल्यातून,
संक्रांतीनंतरचा रविवार

चिरंजीव अमृत यास अक्काचे पोटभर आशीर्वाद.

तुझी तब्येत, सोनियाची कंबर, मुलांचे दात आणि कोइमतूरच्या दुकानातली सोनं गाळायची भट्टी हे सगळं जागच्या जागी असेल असं धरून चालते. सोबत तिळगूळ आहे. टपालात त्याचा भुगा झाला असेल तर चमच्यानं खा, पण खा, आणि मग माझ्याशी गोड बोल. (गेल्या फोनवर तू तिसऱ्या मिनिटाला "गिऱ्हाईक आलंय" म्हणालास. मागून सोनिया विचारत होती, आज दुकान बंद असताना गिऱ्हाईक कुठलं? मी मनावर घेतलेलं नाही. फक्त लिहून ठेवते.) आमच्याकडं सगळं ठीक आहे. आमच्याकडं म्हणजे माझ्याकडं. गुडघा सोडला तर बाकीची मी ठणठणीत आहे. पत्रास कारण आहे, पण ते इथं वरच सांगणार नाही. कारण वाचलं की उरलेलं पत्र तू फळीवर ठेवून देतोस, ही तुझी खोड मला माहीत आहे.

मी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसले आहे, हे तुला ऋषिराजनं सांगितलंच. पोटचा पोरगा, पण आईची एक गोष्ट त्याच्या पोटात राहत नाही. तू लगेच घरच्या ग्रुपवर चार हसरी तोंडं टाकलीस आणि खाली लिहिलंस, "अक्का, या टायमाला तरी भूगोलात पास हो." त्यावर गुवाहाटीहून तुझ्या दाजींनी अंगठा दाखवला. (दाजी सगळ्यालाच अंगठा दाखवतात. म्हशीला रेडकू झालं तरी अंगठा, चुलत सासऱ्यांना दवाखान्यात नेलं तरी अंगठा.) आता फोन असताना मी पत्र का लिहिते, तर आमचे भूगोलाचे गोरड सर. वय अठ्ठावीस, माझ्या ऋषिराजपेक्षा एका वर्षानं मोठे. सराव पेपरात मी दोन तासांत निम्म्या प्रश्नांपर्यंतच पोचले, तेव्हा ते माझ्या वहीत डोकावून म्हणाले, "मावशी, तुमी लिवताय का कोरताय?" हाताला वेग यावा म्हणून रोज दोन पानं काहीही लिहायची, असा त्यांचा हुकूम झाला. मी आधी ब्राझीलच्या नद्या लिहून काढल्या. चार दिवसांत नद्या संपल्या. मग म्हटलं, ज्याच्याशी तीन मिनिटांवर बोलता येत नाही त्याला लिहावं.

दहावी का, असं तू अजून विचारलेलं नाहीस, पण विचारलंस असं समजून सांगते. गुवाहाटीत दुकानामागच्या एका खोलीत मी वीस वर्षं काढली. पाय पसरला की भट्टीला लागायचा, तेव्हा वाटायचं, गावाकडं एक ऐसपैस घर असावं. मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या, त्यांचं करायला मी इकडं आले. तेवढ्यात ऐसपैस घरही झालं. खाली चार खोल्या, वर चार, जिन्याला स्टीलचा कठडा, आणि तीन ठिकाणी गरम पाण्याची सोय. गेल्या वर्षी सासूबाई गेल्या. तेराव्याला सगळे होते, पंधराव्या दिवशी सगळे आपापल्या भट्ट्यांवर गेले, आणि बंगल्यात दिवा लावायला कोणीतरी पाहिजे म्हणून मी राहिले. आमच्या गल्लीत असे अकरा बंगले आहेत. नऊंना कुलूप आहे. दहाव्यात बनाबाई आणि तिच्या तीन शेळ्या राखण करतात. अकराव्यात मी. एक दिवस टीव्हीवरच्या बाईला मी "हळद जास्त झाली बघ" म्हणून मोठ्यानं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन फॉर्म आणला.

शाळेतला पहिला दिवस ऐक. रविवारी आम्हा बाहेरच्यांचा वर्ग असतो. पण मला रविवारपर्यंत दम निघेना, म्हणून मोठ्या सरांनी शनिवारीही पोरांच्या वर्गात मागच्या बाकावर बसायची परवानगी दिली. मी नवं दप्तर घेऊन फाटकात गेले तर शिपायानं अडवलं. "कुणाच्या आई तुमी?" मी खरं तेच सांगितलं, की ऋषिराजची. मग त्यानं नववी-दहावीच्या सगळ्या तुकड्यांत ऋषिराज शोधला. एक सापडलासुद्धा. त्याला वर्गातून उठवून माझ्यापुढं उभा केला. तो बिचारा माझ्याकडं बघून म्हणाला की ही माझी आई नाही, तेव्हा शिपायाला माझाच संशय आला. ही भानगड मिटवून मी वर्गात बसले. हजेरी सुरू झाली. "सुलाबाई कोंडीबा दडस" असं सरांनी दोनदा पुकारलं. कोण दडस आहे म्हणून मीही इकडंतिकडं बघितलं. (फॉर्म जुन्या दाखल्यावरून भरायचा असतो, त्यामुळं नाव माहेरचं. एकतीस वर्षांत मला या नावानं कोणी हाक मारली नव्हती रे. लग्नात नाव बदललं, पुढं ऋषिराजची आई, मग मामी, मग काकू.) शेजारची साक्षी म्हणून पंधरा वर्षांची पोर आहे, तिनं कोपरानं ढोसलं. "काकू, तुमालाच हाक मारत्यात." तोवर सरांनी पुढचं नाव घेतलं होतं. पहिल्याच दिवशी समोर बसून मी गैरहजर लागले.

आता अभ्यासाचं. दहावीचा भूगोल म्हणजे भारत आणि ब्राझील. जगात एवढे देश पडलेत, पण ब्राझीलच. सकाळी पाणी तापवताना मी अॅमेझॉनचं खोरं म्हणते आणि दुपारी भाकरी थापताना अजस्र कडा. ब्राझीलमध्ये एक "दुष्काळ चतुष्कोन" आहे. नाव ऐकून मला आपली माहेरची औंधाकडची शिवारं आठवली. बनाबाईला मी हे वाचून दाखवलं. ती रोज दुपारी शेळ्या घेऊन आमच्या ओट्यावर बसते आणि माझी तोंडी परीक्षा घेते, म्हणजे मी बोलते आणि ती "व्हय व्हय" म्हणते. ती म्हणाली, "आगं, मग तितं बी टँकर येतोय का न्हाई?" हे पुस्तकात नव्हतं. मी गोरड सरांना विचारलं. सरांनाही ठाऊक नव्हतं. ते बघून सांगतो म्हणाले, आणि बनाबाई अजून दर शनिवारी उत्तराची वाट बघते. दुसरा शब्द पर्जन्यछाया. मी तिला समजावलं, की डोंगराच्या त्या अंगाला पाऊस सगळा पडून घेतो आणि आपण या अंगाला कोरडे राहतो, त्याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. तिनं शेळीच्या पाठीवरनं हात फिरवत बराच विचार केला. "छाया म्हंत्यात व्हय तिला! बाभळीखाली बी बसाय जागा न्हाई, आन म्हनं छाया." टेंभू योजनेचं पाणी आल्यापासून आपल्याकडं हिरवं दिसतं, पण बनाबाईचा या शब्दावरचा राग काही गेलेला नाही.

लोकसंख्येच्या धड्यात घनता काढायला शिकवली. एकूण माणसं भागिले क्षेत्रफळ. भारताची दर चौरस किलोमीटरला तीनशे ब्याऐंशी आणि ब्राझीलची जेमतेम तेवीस. मी घरी येऊन आमच्या बंगल्याची काढली. खालचं क्षेत्रफळ अठराशे चौरस फूट, माणूस एक. ऋषिराजच्या जुन्या कॅल्क्युलेटरवर तीनदा करून बघितलं, तिन्ही वेळा उत्तर तेच आलं. दर चौरस किलोमीटरला जवळजवळ सहा हजार! म्हणजे पुस्तकाप्रमाणं मी अतिदाट लोकवस्तीत राहते. सरांनी गणित तपासलं आणि बरोबर आहे म्हणून खूण केली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. घरी येऊन मी खालच्या चारही खोल्या आणि वरच्या चारही खोल्या पुन्हा एकदा बघून घेतल्या. कोणी नव्हतं.

घटक चाचणीत नकाशा आला. भारताच्या आराखड्यात दाट लोकवस्तीचे प्रदेश सूचीसह दाखवा. मी म्हटलं, हे आपल्याला विचारावं का लागतं? ईशान्येला गुवाहाटी रंगवली, तिथं तुझे दाजी, ऋषिराज आणि आमच्या गल्लीतली सात घरं. खाली कोइमतूर रंगवलं, तिथं तू, सोनिया, पोरं आणि तुझ्या मेव्हण्याची मंडळी. गल्लीतले बाकीचे केरळात, ते रंगवलं. सासर-माहेरच्या आपल्या दोन्ही जिल्ह्यांच्या जागी मात्र "विरळ" म्हणून बारीक ठिपका दिला. गंगेचं मैदान कोरं सोडलं, कारण तिकडं आपलं कोणी नाही. (पूर्वी बनारसला एकजण होता, पण त्यानं दुकान मोडलं.) सरांनी भोपळा दिला आणि मला टेबलाजवळ बोलावलं. गंगेच्या मैदानात कोट्यवधी माणसं राहतात म्हणाले. मी म्हटलं, राहत असतील, पण मला माणसं म्हटलं की हीच दिसतात, आणि ही सगळी तिकडं सोनं गाळत बसली आहेत. सरांनी नकाशा पुन्हा जवळ ओढला. त्यांचा भाऊ पलटणीत आहे, वर्षातून एकदा येतो. मग त्यांनी सूची नीट काढली म्हणून अर्धा मार्क वाढवला. पोरांनी टाळ्या वाजवल्या, मला खरंच कळलं नाही कशासाठी.

आणि क्षेत्रभेट! नाताळच्या आधी सर पोरांना महाबळेश्वरला घेऊन निघाले, डोंगराच्या त्या अंगाला पाऊस कसा संपतो ते दाखवायला. मीही गेले. सगळ्यांसाठी साठ भाकऱ्या, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी गाठोड्यात बांधून घेतली. इतक्या माणसांसाठी भाकरी थापून वर्ष झालं होतं, हात थांबेचना. वर गेल्यावर प्रत्येकानं प्रश्नावली घेऊन एकेका शेतकऱ्याची मुलाखत घ्यायची होती. मला स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात साळूबाई नावाची माझ्याच वयाची बाई भेटली. मी वही उघडून विचारायला लागले, पीक कोणतं, पाणी कुठलं, पाऊस किती. ती म्हणाली, पावसाळ्यात चार महिने दार उघडून समोरचं घर दिसत नाही, दोघी जावा भिंतीवर थापट्या मारून एकमेकींना हाय का म्हणून विचारतात. मी म्हटलं, बरं आहे, तुमच्याकडं भिंतीला कोणी असतं तरी. मग चौथा प्रश्न आला, कुटुंबात माणसं किती? तिनं नऊ सांगितली, मी नऊ लिहिली. तेवढ्यात तिनं खुरपं खाली ठेवून विचारलं, "आन तुमच्यात किती वं मानसं?" बघ, माझ्या वहीतलाच प्रश्न. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि अमृत, मला रडू आलं. स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात, हातात प्रश्नावली घेऊन, सत्तेचाळीस वर्षांची मी घोड्यासारखी बाई हुंदके देऊन रडले. साळूबाईनं हाताची माती झटकली. तिनं मला घरात नेलं, चहा टाकला, आणि चहा निवेपर्यंत आम्ही दोघी बसलो.

बाहेर आले तर बस नव्हती. झालं असं, की गोरड सरांनी पोरं मोजली आणि दुसऱ्या मॅडमनी मोठी माणसं मोजली. मी मोठी म्हणून पोरांत धरली नाही आणि विद्यार्थी म्हणून मोठ्यांत धरली नाही. दोन्ही आकडे बरोबर आले आणि बस सुटली. माझा फोन दप्तरात, दप्तर बसमध्ये. मी रस्त्याकडेच्या दगडावर बसून ब्राझीलचं हवामान आठवत राहिले, दुसरं काय करणार? पाचगणी ओलांडल्यावर साक्षीला भूक लागली. तिनं उरलेल्या भाकऱ्यांचं गाठोडं सोडलं आणि ओरडली, "सर, भाकरी हाय पन काकू न्हाईत!" तेव्हा बस फिरली. म्हणजे तुझ्या अक्काचा शोध भाकरीमुळं लागला. परतल्यावर सरांनी माझी इतकी माफी मागितली की मलाच त्यांची समजूत घालावी लागली. घाटात साक्षी माझ्या मांडीवर डोकं टेकून झोपली. पाय पार बधिर झाला, पण मी हलले नाही.

दाजींचं म्हणशील तर ते रोज पाच वाजता फोन करतात. हिवाळ्यात तिकडं पाचला दिवस मावळतो. ते म्हणतात, अंधार पडला, आता आवरतो, तू पण दारं लावून घे. इकडं लख्ख ऊन असतं आणि माझा चहाही व्हायचा असतो. मी पूर्वी चिडायचे. आता कळलं की आमच्यात सतरा रेखावृत्तांचं अंतर आहे, एका रेखावृत्ताला चार मिनिटं, म्हणजे अडुसष्ट मिनिटं. त्यांचा दोष नाही, पृथ्वीचा आहे. फोन ठेवल्यावर ती अडुसष्ट मिनिटं मी ओट्यावर बसून काढते, अभ्यास करते असं बनाबाईला सांगते.

असो. दोन पानांची आठ झाली, म्हणजे वेग आला म्हणायचा. माझी काळजी करू नकोस, मला कशाची कमी नाही, तुम्ही आपापल्या जागी सुखी आहात यातच मी सुखी आहे. सोनियाला कंबरेला शेक द्यायला सांग. मुलांना पापा.

तुझीच,
अक्का
(बाहेरून बसलेली)

ता.क. मुलांच्या जुन्या कंपासपेटीतला कोनमापक असेल तर पाठव. माझ्या कोनमापकावर शेळीनं पाय दिला.

ता.क. दुसरा. कोनमापक इथं विट्यातही मिळतो. खरं काम वेगळं आहे. आमच्या प्रकल्पवहीच्या पहिल्या पानावर "पालकांची सही" म्हणून चौकट आहे. मी तिथं स्वतःच सही केली आणि नातं या रकान्यात "मीच" लिहिलं. कारकुनानं चष्म्यावरून बघितलं आणि वही परत दिली. दुसऱ्या कोणाची तरी पाहिजे, शेवटच्या पेपराआधी आणून दिली तरी चालेल म्हणाला. बनाबाई अंगठा द्यायला तयार आहे. दाजी तर अंगठ्याशिवाय काही देतच नाहीत. पण मला तुझी सही पाहिजे. आई गेल्यावर, आप्पा मेंढरं घेऊन बाहेर असताना, तुझ्या पहिली-दुसरीच्या प्रगतिपुस्तकावर पालक म्हणून मीच सही करत होते. तू गणितात काठावर असलास तरी मी कधी हात आखडला नाही.

ता.क. तिसरा. हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण तुझी ती चार हसरी तोंडं डोळ्यापुढनं जात नाहीत. मी भूगोलात नापास झाले नव्हते. गुणपत्रिकेवर भूगोलापुढं आकडा नव्हताच, दोन इंग्रजी अक्षरं होती. आप्पांना ती नापासाची वाटली आणि त्यांनी गावभर सांगितलं. ती गैरहजरची होती. त्या सकाळी तुला गोवराचा ताप चढला होता, घरात तिसरं कोणी नव्हतं. तुला कडेवर घेऊन मी औंधच्या दवाखान्यात निघाले. वाटेत शाळा लागली, पोरं पेपराला आत चालली होती. सात वर्षांचा तू, डोळे लाल, माझ्या कानात म्हणालास, "अक्का, तुजा पेपर हाय न्हवं?" मी म्हटलं, "न्हाई रं, भूगोलाला न्हाई गेलं तरी चालतंय." तू ते खरं मानलंस, अजून मानतोस. मे महिन्यात माझं लग्न झालं. आप्पांना खरं कधी सांगितलं नाही, नाहीतर ते जन्मभर तुझ्याकडं बघून तेच आठवत बसले असते. यात तुझा काही दोष नाही, गोवर कोणालाही होतो.

ता.क. शेवटचा. वर "कशाची कमी नाही" लिहिलं ते खोडते, मला कमी आहे. भूगोलाचा पेपर या वर्षीही सगळ्यांत शेवटी आहे, मार्चात. तारीख साक्षी माझ्या फोनवरून ग्रुपवर टाकेल, तिला मी शिकवून ठेवलं आहे. आदल्या दिवशी ये, सही कर, आणि पेपर सुटेपर्यंत फाटकाबाहेर पाण्याची बाटली घेऊन उभा राहा, जसे बाकीच्या पोरांचे पालक राहतात. दोनच तासांचा पेपर आहे. गिऱ्हाईक आलंय असं सांगू नकोस. आत माझी हजेरी पेपरावरचे सर घेतील, या वेळी मी पहिल्याच हाकेला ओ देईन. बाहेर आल्यावर तुझी हजेरी मी घेणार आहे.